बच्छाव सरांचे शेरे

फाइल परत ठेवण्याआधी बच्छाव सर हात धुऊन येत.

मी कंपनीत लागले त्या पहिल्याच दिवशी हे पाहिलं आणि वाटलं, माणसाने डबा खाल्ला असेल. पण अकराला धुतले, साडेबाराला धुतले, तीनला धुतले. चौथ्यांदा बेसिनकडे निघाले तेव्हा मी शेजारच्या पंकजला हळूच विचारलं, "सरांना काही त्रास आहे का?" तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला, "नाही. चेक-इन आहे."

आता हे चेक-इन म्हणजे काय ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. नवं शतक नुकतंच लागलं होतं. आमची कंपनी म्हणजे नाशिकच्या कॉलेज रोडवर एका मेडिकलच्या डोक्यावर चार खोल्या. द्राक्षांची पॅकहाऊसं, कोल्ड स्टोरेज, कांद्याचे व्यापारी यांच्यासाठी आम्ही प्रोग्राम लिहायचो. एका प्रोग्रामला पाच जणांचे हात लागले की त्याची वाट लागते, म्हणून सगळ्या फाइली एका सर्व्हरवर ठेवलेल्या. जिथे प्रोग्राम लिहायचा त्याच खिडकीत डाव्या बाजूला त्यांची यादी दिसे. हवी ती फाइल तिथूनच बाहेर काढायची, हे चेक-आउट. मग तुमच्या स्क्रीनवर तिच्यापुढे लाल बरोबरची खूण येई आणि बाकीच्यांना तिथे कुलूप दिसे. कुलपावर तुमचं नाव. तुमचं काम होईस्तोवर तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काम झालं की फाइल परत ठेवायची, हे चेक-इन. ठेवताना एक लहानशी चौकट उघडे: काय बदललं, दोन शब्द लिहा. हाच शेरा. कोणी, कधी, काय बदललं हे सगळं तिथे कायमचं जपलं जाई.

आम्ही काय लिहायचो? 'केलं.' 'बदललं.' 'आता चालतंय.' पंकज तर नुसतं टिंब द्यायचा.

बच्छाव सर हात धुऊन, पुसून, खुर्ची पुढे ओढून, ताठ बसून लिहायचे. एकदा दिंडोरीहून एका पॅकहाऊसवाल्याचा फोन आला. "ओ सर, तुमचा पोग्राम आमची एक पेटी खाऊन ऱ्हायला. माझ्यासमोर भरली हाय पेटी, अन् तुमच्या कागदावर नाय." सरांनी दोन तास शोधाशोध केली, चूक सापडली, दुरुस्त केली आणि शेरा लिहिला तो असा: 'दिंडोरी येथील द्राक्षांच्या पेट्यांची बेरीज एका पेटीने कमी येत होती. कारण, यंत्र शून्यापासून मोजते व मी एकपासून मोजत होतो. पेटी प्रत्यक्षात सुखरूप आहे. चूक माझीच. क्षमस्व.'

हे कोण वाचणार होतं? कोणीही नाही. मी तसं म्हटलंही. सर म्हणाले, "ताई, वाचो न वाचो. नोंद राहिली पाहिजे."

हे त्यांचं पालुपद. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे जायचं. सरांनी ते नीट केलं आणि खाली चिठ्ठी डकवली: 'घड्याळ पाच मिनिटे मागे घेतले. पूर्वीची वेळ चुकीची होती. बच्छाव.' पाण्याचा फिल्टर या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेला, चिठ्ठी. फिल्टर परत पहिल्या कोपऱ्यात आला, दुसरी चिठ्ठी, 'पूर्वस्थितीला आणला.' आमच्या भिंती वाचत बसलं तर चार खोल्यांचा इतिहास कळला असता. साहेब, म्हणजे आमचे मालक, या चिठ्ठ्यांकडे बघून नुसते सुस्कारा सोडायचे.

सर मूळचे सटाण्याच्या पलीकडल्या एका गावचे. बोलायचे आपल्या शहरासारखंच, पण पारा चढला की गाव बाहेर यायचं. कोणी शेऱ्याची चौकट रिकामी सोडली की ते त्या माणसामागे येऊन उभे राहत, स्क्रीनकडे बोट दाखवत आणि शांतपणे अहिराणीत विचारत, "भाऊ, हाई काय शे?" या तीन शब्दांना आम्ही साहेबांपेक्षा जास्त भ्यायचो.

कुलपाच्या बाबतीत तर सर भलतेच कडक. सिस्टीमची किल्ली वर्षभरात माझ्याकडे आली होती, म्हणजे कोणाचंही कुलूप मी जबरदस्तीने सोडवू शकत होते. पण सर सोडवू देतील तर शपथ. "दुसऱ्याच्या हातातली फाइल ओढायची म्हणजे त्याच्या ताटातली भाकरी उचलायची," ते म्हणत. "त्याला विचारा. त्याने हो म्हटलं तरच."

पंकज एकदा बिलांची फाइल स्वतःच्या नावावर अडकवून गावी गेला. गावी म्हणजे कळवणला, आणि कशासाठी, तर स्वतःच्या लग्नाला. तिकडे मांडव पडलेला आणि इकडे गिऱ्हाईक खोळंबलेलं. मी म्हटलं, "सर, एक बटण दाबते, सुटेल." सरांनी फोन उचलला आणि थेट पंकजच्या घरी लावला. पलीकडे सनई चालू होती.

"नवरदेवाला द्या," सर म्हणाले. "ऑफिसातून बोलतोय. तातडीचं आहे."

कोणीतरी सांगितलं, हळद चालू आहे. सर म्हणाले, लागू द्या, मी थांबतो. बऱ्याच वेळाने हळदीने माखलेला पंकज फोनवर आला. सरांनी आधी अभिनंदन केलं, मग विचारलं, "किती ओळी बदलल्यात?" तो म्हणाला, सहा. "ठेवण्यासारख्या आहेत की टाकण्यासारख्या?" तो म्हणाला, टाका. सरांनी फोन ठेवला, मला म्हणाले, "सोडवा आता. परवानगी मिळाली," आणि शेऱ्यात सविस्तर लिहिलं की संबंधित व्यक्ती विवाहकार्यात असून परवानगी तोंडी घेतली आहे. पंकजची बायको पुढे कित्येक वर्षं सरांना 'ते हळदीतले सर' म्हणायची.

असा हा नोंदींचा माणूस. पण त्यांच्या एका गोष्टीची नोंद कुठेच नव्हती. ती म्हणजे गायधनी.

गायधनी आमच्याच खोलीत बसायचे. अस्सल नाशिकचे, रविवार कारंज्याजवळ घर, सरांपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठे. दोघांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून, मध्ये चार हातांचं अंतर. कंपनीचा पहिला प्रोग्राम या दोघांनी मिळून लिहिलेला. आणि मी लागले तेव्हा दोघांमध्ये सात वर्षांचा अबोला होता. साधासुधा नाही, कडकडीत. चहाचा ट्रे एकाकडून दुसऱ्याकडे जायचा असला तरी मध्ये तिसरा माणूस लागे.

कारण साहेबांनी सांगितलं. सगळं काम फ्लॉपीवर चालायचं त्या काळातली गोष्ट. सरांनी तीन आठवडे राबून प्रोग्राम नवा केला होता. गायधनींनी जुनी फ्लॉपी कॉम्प्युटरवर कॉपी केली, ती नेमकी नव्या कामाच्या डोक्यावर. तीन आठवडे पाण्यात. त्या दिवशी जे भांडण झालं ते खालच्या मेडिकलवाल्यालाही ऐकू गेलं म्हणे. "ही सिस्टीम मी हौसेने नाही आणली," साहेब म्हणाले. "या दोघांमुळे आणली. म्हटलं, पुन्हा कोणी कोणाचं पुसायला नको."

सिस्टीम आली, पुसणं थांबलं, अबोला राहिला.

दर शनिवारी मी कोणाकडे काय अडकलंय ते बघायचे. तसं बघताना एकदा 'तोलाई' नावाच्या फाइलवर नजर गेली. चांदवडच्या एका कांदा व्यापाऱ्यासाठी वजनांचा भाग लिहिला होता, तो तिच्यात. त्या व्यापाऱ्याने धंदा केव्हाच बंद केलेला. ही फाइल आता कुठल्याच प्रोग्रामला लागत नव्हती. आणि तिच्या आवृत्त्या होत्या नऊशेच्या वर. रोज वापरातल्या फाइलींच्या दोनशेही नव्हत्या.

मला वाटलं, सिस्टीम बिघडली. मी एक आवृत्ती दुसरीशी ताडून बघितली. फरक काय, तर एका ओळीच्या शेवटी एक मोकळी जागा जास्त. पुढची ताडली. तीच मोकळी जागा काढलेली. नऊशे आवृत्त्या, एक माणूस जागा वाढवतोय, दुसरा काढतोय. मग मी शेरे उघडले.

अगदी सुरुवातीचे असे:

बच्छाव: 'एक मोकळी जागा वाढवली. काल साहेबांसमोर माझ्या कामाला बरं म्हटल्याचे कळले. चांगलं म्हणायला हरकत नव्हती.'

गायधनी: 'एक मोकळी जागा काढली. चांगलं असतं तर म्हटलं असतं.'

मी खुर्ची पुढे ओढली. दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला कळतं, पण खोटं कशाला बोलू, मी सगळी वाचली. फाइल परत ठेवायची तर काहीतरी बदलावं लागतं, म्हणून ती मोकळी जागा. खरा मजकूर शेऱ्यात. पहिली दोन वर्षं नुसती चकमक. मग हळूहळू सूर बदलत गेलेला.

बच्छाव: 'जागा वाढवली. तीन दिवस खोकला ऐकू येत आहे. इतरांच्या कामात व्यत्यय. अडुळशाचा काढा घ्यावा.'

गायधनी: 'काढली. घेतला. कडू आहे.'

बच्छाव: 'वाढवली. कडूच असतो.'

आणि एका जूनमधला:

बच्छाव: 'जागा वाढवली. चिरंजीवांचा बारावीचा निकाल आज होता असे समजते.'

गायधनी: 'काढली. पास. फिजिक्सला कमी. पेढे फिल्टरशेजारी ठेवले आहेत. कोणी घेतले तर हरकत नाही.'

मला तो दिवस आठवत होता. सरांनी फिल्टरजवळ जाऊन, इकडेतिकडे बघून, दोन पेढे उचलले होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. चार हातांवर बसलेली माणसं, आणि पेढे घ्या म्हणायला सर्व्हरला वळसा. मी कोणाला काही बोलले नाही. पण त्यानंतर सर बेसिनकडून आले आणि थोड्या वेळाने गायधनींनी यादी ताजी करायचं बटण दाबलं की मला आपलं बरं वाटायचं.

अशी आणखी तीन वर्षं गेली. मग एका बुधवारी गायधनी दुपारचा चहा प्यायला खाली गेले आणि परत येताना जिन्यातच बसले. साहेबांनी त्यांना गाडीत घालून दवाखान्यात नेलं. संध्याकाळी कळलं, बायपास करायची आहे, शुक्रवारी सकाळी.

गुरुवारी बच्छाव सरांनी सकाळपासून एकही फाइल काढली नाही. यादी उघडायची, बघायची, बंद करायची, एवढंच. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठले तेव्हा ते माझ्या टेबलाशी आले.

"ताई, किल्ली तुमच्याकडेच ना अजून?"

"हो सर."

"तोलाई सोडवून द्या."

मला आधी उमगलंच नाही. मी बघितलं, तोलाईवर कुलूप होतं, गायधनींचं नाव. बुधवारी चहाला जाण्याआधी त्यांनी ती काढली होती, उत्तर लिहायला, आणि ती तशीच राहिली होती.

"सर, ती गायधनी सरांकडे आहे."

"दिसतंय मला. सकाळपासून तेच बघतोय."

"मग पंकजच्या वेळी केलं तसं करू या. फोन करून विचारू."

सर म्हणाले, "फोनवर बोलावं लागतं."

मी हसले नाही. हसण्यासारखा त्यांचा चेहराच नव्हता. त्यांनी पंकजची खुर्ची ओढली आणि बसले. "मला एक शेरा लिहायचाय. उद्याच्या आत लिहायला हवा. ऑपरेशनचं काही सांगता येत नाही."

आणि मग त्यांनी ते सांगितलं. त्या तीन आठवड्यांच्या कामाची फ्लॉपी आणि जुनी फ्लॉपी, दोन्हींवर लेबलं त्यांनीच लिहिली होती. घाईत उलटी. नव्यावर जुनी, जुनीवर नवीन. गायधनींनी लेबल वाचूनच कॉपी केली होती.

"भांडण झालं तेव्हा ती कॉपी केलेली फ्लॉपी साहेबांच्या टेबलावर होती," सर म्हणाले. "लेबल कुणीतरी खरवडून काढलेलं. नुसता डिंक राहिलेला. मी ओरडलो, याने पुरावा नाहीसा केला. खरंच केला होता. पण माझ्या विरुद्धचा. मी तेव्हा कच्चा होतो ताई, सहा महिन्यांच्या बोलीवर. साहेब तापट. माझं अक्षर त्यांनी बघितलं असतं तर त्याच दिवशी सटाण्याची एसटी धरावी लागली असती. तो शिव्या खात उभा राहिला, पण बोलला नाही. दिवाळीला ड्रॉवर आवरताना मला दुसरी फ्लॉपी सापडली. वर 'जुनी' लिहिलेलं. लावून बघितली तर माझं सगळं काम आत."

"मग तेव्हाच सांगायचं ना, सर."

"अबोला होता ना. माफी मागायची तर आधी बोलावं लागतं. आणि बोलायचं तर आधी माफी मागावी लागते."

"शेऱ्यात तरी लिहायचं. शेकडो शेरे लिहिलेत तुम्ही." हे तोंडातून निसटलं आणि मी जीभ चावली. पण मला कसं माहीत, हे सरांनी विचारलं नाही.

"रोज तेच लिहायला बसायचो," ते म्हणाले. "अन् खोकल्यावर लिहून उठायचो."

दिंडोरीच्या एका पेटीसाठी क्षमस्व म्हणणारा हा माणूस. मी कुलूप सोडवलं. सिस्टीमने विचारलं, खात्री आहे का. मी हो म्हटलं. तेवढा वेळ सर खिडकीबाहेर बघत होते. मग ते आपल्या जागेवर गेले, फाइल काढली, आणि लिहीत बसले. लोक जेवून परत आले तरी लिहीतच होते. एवढ्या वेळात मला वाटलं महाभारत लिहिलं असेल. होत्या चार ओळी:

'एक मोकळी जागा वाढवली. त्या फ्लॉपीवरील लेबल मी चुकीचे लिहिले होते. तू ते काढलेस हे मला त्याच दिवाळीपासून माहीत आहे. सांगितले नाही. चूक माझीच.'

ते लिहून झालं आणि मग आमच्या दोघांच्याही लक्षात आलं की गायधनी दवाखान्यात आहेत आणि तिथे पलंगाला कॉम्प्युटर नसतो. इतक्या वर्षांची सवय. मी शेरा छापून घेतला, कागद पर्समध्ये टाकला आणि उठले.

"न्यायला मी सांगितलेलं नाही," सर म्हणाले.

"नाहीच सांगितलं. मी माझी नेतेय."

गायधनी बरे झाले आणि दोन महिन्यांनी तोच जिना चढून वर आले, हे इथेच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तुम्ही भलत्याच धास्तीने वाचाल. पण त्या गुरुवारी हे आम्हाला माहीत नव्हतं, त्यांनाही नव्हतं. ते उशीला टेकून बसले होते, चेहरा उतरलेला. गायधनी वहिनींनी चष्मा दिला. त्यांनी कागद एकदा वाचला, मग पुन्हा वाचला, मग पोटावर ठेवला.

"जागा वाढवली का त्याने?" त्यांनी विचारलं.

"वाढवली, सर."

"हं. म्हणजे काढायला मला यावं लागणार." मग म्हणाले, "पेन आहे?"

कागदाच्या मागच्या बाजूला त्यांनी लिहिलं. भाषा नेहमीचीच: 'माझ्या ताब्यातील फाइल मला न विचारता सोडवण्यात आली. संबंधिताने समक्ष येऊन खुलासा करावा. भेटीची वेळ चार ते सहा.'

मी ऑफिसात परत आले तेव्हा पाच वाजत आले होते. सरांनी कागद घेतला, वाचला, घडी घातली, पुन्हा उघडून वाचला. "समक्ष म्हटलंय," ते म्हणाले. त्यांनी पिशवी उचलली, दारापर्यंत गेले, परत आले. "ताई, तुमची स्कूटी आहे ना? मला गाडी येत नाही."

वाटेत सगळा वेळ मागून पुटपुटणं ऐकू येत होतं. सीबीएस स्टँडच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा शब्द कळले. ते वाक्यं जुळवत होते, खोडत होते, पुन्हा जुळवत होते. त्यांचा खुलासा मनात तयार होत होता आणि मला खात्री होती की मुद्द्यांना अनुक्रमांकही दिलेले असणार.

खोलीच्या दारात सर थबकले. गायधनींनी मान वळवून बघितलं. अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत. वहिनी उठून उभ्या राहिल्या.

गायधनी म्हणाले, "बस."

सर स्टुलावर बसले. पिशवी मांडीवर. खुलाशातलं एक अक्षर तोंडातून निघालं नाही. दहा मिनिटं गेली. वहिनींनी बिस्किटांची बशी पुढे केली, ती गायधनींनी हाताने आणखी पुढे सरकवली, सरांनी एक घेतलं. पुन्हा दहा मिनिटं. बाहेर कोणाची तरी ट्रॉली गेली. मी आणि वहिनी भिंतीला टेकून उभ्या.

मग सरांनी विचारलं, "भीती वाटते?"

गायधनी म्हणाले, "हो."

सरांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तसाच राहू दिला. गायधनींनी डोळे मिटले. सहा वाजता नर्सबाई आल्या आणि म्हणाल्या, वेळ संपली. सर उठले, म्हणाले, "येतो." गायधनी डोळे न उघडता म्हणाले, "ये."

खाली येऊन मी स्कूटी काढली. सर मागे बसले. आता पुटपुटणं नव्हतं. शालिमार चौक गेला, गर्दी थोडी कमी झाली, तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"ताई."

"हं, सर?"

"आज फार बोलणं झालं हो."